भिंत

नागपूरच्या पहिल्या शर्यतीत हेमकला हरली
कारण तिला भिंत माहीत नव्हती.
आमच्या खैरटोल्याच्या तलावाला पार आहे, तुडूम आहे,
मधे बगळ्यांचं एक बेट आहे,
पण पोहता पोहता पुढ्यात भिंत?
तिनं ती दोन्ही हातांनी धरली,
डोंग्याची कड धरावी तशी.
दम घेतला. आजूबाजूला पाहिलं,
तर बाकीच्या सात जणी
पाय देऊन केव्हाच परत निघालेल्या.

बावनथडे सर म्हणाले, पोट्टी मासोळी आहे,
फक्त तिले वळता येत नाही.

सरांनी तिला हेरलं ते पारावरून,
दातात दोर धरून
शिंगाड्यांनी भरलेला डोंगा ओढत आणताना.
त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.
काठावर उभं राहून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून
पुस्तकातून शिकवायचे.
पुस्तकातल्या चित्रात भिंत होती,
तलावात नव्हती.
मग भिंत मी झालो.

बापाच्या जाळ्याच्या दोरीवर
शाळेतली मीटरपट्टी पन्नासदा ठेवून आम्ही गाठ मारली.
एका टोकाला तुडुमीचा दगड,
दुसऱ्या टोकाला छातीभर पाण्यात मी,
पाठीशी रोवलेले दोन बांबू.
वय तेरा.
चारशे मीटर म्हणजे आठ फेऱ्या, सात वळणं:
तीन लाथा दगडाला,
चार मला.
ती येताना दिसायची नाही.
आधी पाण्याला कळायचं, मग माझ्या पोटाला.
एक कोलांटी, दोन्ही तळवे बरगड्यांवर,
आणि ती गेलेली असायची.
परत आली की ओरडायची,
"हलला तू! भिंत हलते का रे?"

रात्री आई मोहाच्या टोरीचं तेल कोमट करून
माझी छाती चोळायची.
शेजारणीला सांगायची, सायकलवरून पडला.

पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे.
जिल्हा, राज्य, मग देशात पहिली,
चार मिनिटं बत्तीस सेकंद.
ग्रामपंचायतीनं फाट्यावर कमान उभारली,
तीवर नाव चुकून 'हेमलता दिघोरे'.
अजून तसंच आहे.
रेल्वेची नोकरी, बिलासपूरला क्वार्टर.
एकदा परदेशी जायचं हुकलं
सेकंदाच्या अकरा शतांशांनी.
मी फोनवर विचारलं, किती असते ते?
ती बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, झिंग्याची मिशी हलते ना, तेवढं.

मग उजवा खांदा.
मग डॉक्टर, मग दुसरा डॉक्टर.

मी तिला शर्यतीत एकदाच पाहिलं, शेवटच्या.
पुण्याचा तलाव निळा, औषधाच्या वासाचा,
आणि तळ स्वच्छ दिसत होता.
मला धस्स झालं.
आमच्याकडे तळ दिसला
म्हणजे पाणी आटायला आलेलं असतं.
ती सहावी आली.
पण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वळणाला
तिचे पाय त्या फरशीला लागले तेव्हा
इथे, खुर्चीत,
माझी छाती आत गेली.
शेजारचा माणूस म्हणाला, पाणी पाहिजे का?

आता ती दिवाळीला येते.
तलावात उतरत नाही.
पारावर बसून उकडलेले शिंगाडे सोलते,
डाव्या हातानं,
आणि पाण्यातल्या पोरांना उगाच रागावते.
यंदा मधेच थांबून म्हणाली,
"दुखत होतं का रे तेव्हा?"

मी म्हटलं, भिंतीले कुठं दुखते!

ती हसली.
मग शिंगाड्यानं काळा झालेला ओला तळवा
तिनं माझ्या बरगडीवर ठेवला,
अगदी हलका.

आणि मी हललो.